पुढच्या बाजूला चार फूट

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा सापडले. पुलाच्या अलीकडच्या बसथांब्यावर. एका बसड्रायव्हरने खाली उतरून हाताला धरून ठेवलं होतं, म्हणून सापडले. नाहीतर पूल, त्याखाली नदी — पुढचं लिहीत नाही.

आजच लॅबमधलं मशीन बंद पडायचं होतं. सकाळचे सगळे नमुने अडकले, पेशंट काउंटरवर डोकं खाताहेत, डॉक्टर फोनवर ओरडताहेत, आणि मला निघायला उशीर. घरी मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दिवसभर बाबांना सांभाळतात, घड्या घालायलाही माणसाने पाठ वळवू नये का? फाटक उघडं टाकून बाबा चालते झाले.

ड्रायव्हर म्हणाला, "थांबलेल्या प्रत्येक बसमध्ये डोकावून बघत होते काका. उतरणाऱ्यांना अडवत होते." खिशात त्यांची पिवळी मोजपट्टी. म्हणजे तपासणीला निघाले होते! सगळा जन्म पालिकेत लोकांची कुंपणं मोजण्यात गेला, सगळं शहर 'कुंपणसाहेब' म्हणायचं. निवृत्त होऊन युग लोटलं. बाकी सगळं विसरले, नोकरी तेवढी विसरत नाहीत. आता बसेसही मोजायच्या?

घरी आल्यावर मला म्हणाले, "अहो, तुम्हाला उगाच त्रास." अहो! हल्ली दिवसाआड 'अहो' होते मी. आधी मी दुरुस्त करायचे. आता नाही करत.

४ फेब्रुवारी, बुधवार

फाटकाला साखळी आणि कुलूप लावलं. साखळी इतकी जाड की मलाच ती काढता-घालताना घाम फुटला. त्यापेक्षा मी आता मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दारानेच येईन-जाईन. त्या दारालाही कुलूप; किल्ल्या मावशींकडे आणि माझ्याकडे.

संध्याकाळी मागून आले, तर बाबा पुढे फाटकाशी. साखळी खुळखुळ वाजवत उभे. "बाबा, चला आत." वळून बघितलं, पुन्हा साखळी. आत आणायला अर्धा तास गेला.

७ फेब्रुवारी, शनिवार

साखळीने भागणार नाही. आपलं जुनं कुंपण कमरेएवढं, तारेचं. काल त्यावरून पाय टाकत होते — या वयात! चप्पल तारेत अडकली म्हणून थांबले.

दादाला फोन केला. तो हजारो मैलांवर बसून: "अगं मग उंच कुंपण घाल ना. फळ्यांचं. एवढं काय त्यात?" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! त्याला बाबा महिन्यातून एकदा पडद्यावर दिसतात, तेही दाढी केलेले.

पण म्हणतोय ते खरं. सुताराला बोलावलं. सहा फूट, चारी बाजूंनी, बंद फळ्या, फट नको. सुताराने कान खाजवला. "ताई, पुढच्या बाजूला सहा फूट चालत नाही. आधी पालिकेत विचारून या."

मी म्हटलं, माझं घर, माझी जागा, माझ्या फळ्या.

"हो, पण रस्ता त्यांचा आहे ना," म्हणाला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा काढून पालिकेत. बाबांच्याच जुन्या खात्यात. खोली तीच, खिडकीशी तेच लोखंडी कपाट, त्यावर वाळलेली तीच कुंडी असावी. बाबांच्या खुर्चीत आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला इन्स्पेक्टर बसतो. हा माणूस बोलता बोलता टेबलाचीही लांबी मोजतो. मी मनात त्याचं नाव 'टेप' ठेवलंय.

मला बघून उठून उभा राहिला. "साहेब कसे आहेत? ते माझे गुरू." वाटलं, चला, काम झालं. कसलं काय!

पुढच्या बाजूचं कुंपण चार फुटांच्या वर नाही. तेही आरपार दिसणारं — फळीइतकीच फट हवी. बाजूला आणि मागे सहा फूट चालेल. मी म्हटलं, बरं, मग पुढची एकच बाजू सोडते. तर म्हणे, "तुमचं घर कोपऱ्यावर आहे. दोन्ही रस्त्यांकडची बाजू पुढचीच धरतात."

म्हणजे आमच्या घराला दोन पुढच्या बाजू! पाठ एकच, तोंडं दोन.

आणखी ऐक. फाटक आत उघडलं पाहिजे, फुटपाथवर नको. फाटकाला कुलूप असेल तर आतून किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, आग लागली तर म्हणून. म्हणजे माझी साखळीही बेकायदा. मी विचारलं, "किल्लीशिवाय आतून उघडणारं फाटक लावून मी बाबांना आत ठेवायचं कसं?" टेप म्हणाला, "नियमात माणसाला आत ठेवायचा उद्देश धरलेला नाही." आणि वर नम्रपणे हसला!

"हे नियम केले कोणी?"

"साहेबांनीच. बसवलेत एकेक शब्द. आम्ही अजून एक काना हलवलेला नाही."

सूट मिळावी म्हणून अर्ज देऊन आले. आजारपणाचा दाखला जोडला. निकाल कधी लागेल तर "लागेल". सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि या सरड्यांची तर कुंपणाच्या उंचीपर्यंतच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना विचारलं, पुढच्या कुंपणाला चारच फूट का ठेवलेत? लगेच उत्तर: "घरातल्याला रस्ता दिसावा आणि रस्त्याला घरातला." जेवलात का विचारलं तर आठवेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बोळाकडचं आणि शेजारच्या बाजूचं कुंपण उभं राहिलं. सुतार कामाला चोख आहे, पण त्याच्याकडेही नियमांचं गाठोडं. कुंपणाची चांगली बाजू बाहेर, शेजाऱ्याला दिसेल अशी. आडव्या पट्ट्या आणि खिळे आपल्याकडे. म्हणजे कुंपण मी घालायचं आणि उघडं ढुंगण मीच बघायचं.

बरं, आडव्या पट्ट्या आतून म्हणजे आतल्याला आयती शिडी! हे कोणाच्या लक्षात आलं नाही? सुतार म्हणाला, "ताई, आतला माणूस पळून जाणार असं धरून कोण कुंपण घालतं?" मग मी पट्ट्यांवर आतूनही फळ्या मारून घेतल्या. दुहेरी काम, दुहेरी लाकूड.

मावशी हल्ली सकाळी बाबांना फिरवून आणतात, मागच्या दाराने. आल्यावर बाबा खूश असतात, चहा झालेला असतो. कुठे नेता विचारलं तर, "इथंच, त्यांच्या ओळखीच्यांत." बाई हुशार आहे. मला तर त्यांच्या ओळखीचं कोणी उरलंय असंच वाटत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सूट नाही, नकारही नाही. फोन केला की टेप म्हणतो, "अर्ज वर गेलाय." वर म्हणजे कुठे? त्या कचेरीला वरचा मजला नाही.

आज बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जायचा प्रयत्न केला. डबे सगळे खाली. गुडघा सोलवटला. मलम लावताना मी इतकी ओरडले की मावशी पोळपाट टाकून आल्या. बाबा गुडघ्यावर फुंकर घालत होते. मग हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण मला जरा बाहेर बघायचं होतं."

सुताराला सांगितलंय, पुढचंही सुरू कर. सहा फूट. परवानगी येईल तेव्हा येईल. कोण मोजायला बसलंय!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! दोन्ही रस्त्यांकडून सहा फूट, बंद फळ्या, मुंगीलाही फट नाही. मजबूत फाटक, वर कडी, माझा हात टाचा उंचावून जेमतेम पोचतो. लॅबमध्ये नस पहिल्या टोचणीत सापडली की जसं बरं वाटतं तसं वाटलं.

बाबा कुंपणाशी उभे राहिले. फळीवर हात फिरवला. खिशातून मोजपट्टी काढली, मोजलं. पुन्हा मोजलं.

"पुढच्या बाजूला चार," म्हणाले.

"हो बाबा, करू आपण."

"आरपार पाहिजे."

"हो, हो."

मग अंगणातली खुर्ची ओढून फळ्यांकडे तोंड करून बसले. समोर नुसतं लाकूड. बसू देत. निदान पुलावर तरी नाहीत. आज कित्येक दिवसांनी मी पोटभर झोपणार आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

झोप सुखाची नाही माझ्या नशिबात. कोणीतरी तक्रार केली!

टेप स्वतः आला. चपला बाहेर काढून — कुंपण मोजायला आलेला माणूस चपला काढतो! — आणि कोपऱ्यापासून मोजत सुटला. सहा फूट आणि वर दोन बोटं. दोन बोटंही टिपून घेतली. मी हात जोडायचे बाकी ठेवले. "घरात काय परिस्थिती आहे तुम्हाला ठाऊक आहे. डोळेझाक करता आली नसती?"

"तक्रार आली नसती तर मी या रस्त्यानेच आलो नसतो," म्हणाला. खरंच म्हणाला. "पण आलीय. आता सुनावणी होईल. तुमचा सूट मागणारा अर्जही तेव्हाच घेतील."

"तक्रार कोणाची?"

"तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही."

"हाही बाबांचाच नियम का?"

मान खाली. "हो."

बाबा खुर्चीतून उठून आले, त्याच्या हातातली पट्टी बघितली, म्हणाले, "टोक जमिनीला टेकव. पट्टी अधांतरी आहे." टेपने टेकवलं. आणखी अर्धं बोट वाढलं!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नाव सांगायची गरजच काय! समोर दुर्बीण बसलेली आहे. समोरच्या घराच्या पायरीवर सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसणारे काका. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा नळ गळतो, सगळं त्यांना पाठ. आमच्या अंगणातलं दिसेनासं झालं, म्हणून पोटात दुखलं असणार.

आज कामावर जाताना मुद्दाम पुढून गेले आणि रस्त्यातच सुनावलं. "तोंडावर बोलायची हिंमत नव्हती का? तुमच्या घरात असं माणूस असतं म्हणजे कळलं असतं." काका उभे राहिले, चष्मा काढला, पुसला. "मी कशाला तक्रार करू? उलट मला तर..." मी ऐकून घ्यायला थांबलेच नाही. चोराच्या मनात चांदणं.

लॅबमध्ये दिवसभर तेच डोक्यात. एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं. तेच मला म्हणाले, "जाऊ दे बेटा, रक्त काय, कुठूनही निघेल."

१ मार्च, रविवार

कुंपणाने बाबा आत राहिले, हे खरं. पण आत राहिलेत म्हणजे काय तर...

दुपारभर ठीक असतात. ऊन कललं की सुरू. फळ्यांना कान लावतात. बस थांबल्याचा आवाज आला की फाटकाशी जातात, कडीकडे हात उंचावतात, पोचत नाही. पुन्हा खुर्ची. पुन्हा बस. काल फळीच्या सांध्यात चमचा घालून उचकटत होते. नखांत सल घुसली. मी ती काढत होते आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे फाटकाकडेच बघत होते.

"बाबा, कुठे जायचंय तुम्हाला? राउंडला? निवृत्त झालात तुम्ही."

"ते झालंच हो," म्हणाले. "पण उशीर झाला ना."

डॉक्टर म्हणतात, संध्याकाळी असं होतंच या आजारात. होत असेल. पण आधी एवढं नव्हतं. मीही काही दगड नाही. कुंपण घातल्यापासून ते घरात असूनही हरवल्यासारखेच वाटतात. मग मलाच माझा राग येतो, आणि तो निघतो मावशींवर.

आता तर रोजच 'अहो' आहे. 'अगं' शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

५ मार्च, गुरुवार

सुनावणी सोमवारी. "तक्रारदारही हजर राहू शकतात," टेप म्हणाला आणि काहीतरी आणखी बोलायला गेला. मी म्हटलं, राहू देत ना, त्या दुर्बिणीला काय मांडायचंय ते चारचौघांत मांडू देत, मग मी बघते! त्याने तोंड मिटलं.

बोलायचं काय ते पाठ करतेय. बाबा पुलापाशी कसे सापडले ते, खिडकी, गुडघा, चमचा. रडायचं नाही. रडलेल्या बाईला लोक पाणी देतात, परवानगी देत नाहीत.

९ मार्च, सोमवार

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

सकाळी निघायच्या घाईत बाबा दारात आले. "अहो, पांढरा शर्ट इस्त्री करून मिळेल का? आज कचेरीत काम आहे." त्यांचं रोजच कचेरीत काम असतं. सुनावणीला उशीर होतोय आणि यांना शर्ट! चरफडत करून दिला. कॉलरही कडक केली.

सुनावणीची खोली लहान. एक लांब टेबल, मागे अध्यक्षबाई, नव्याच बदलून आलेल्या, कोणाला न ओळखणाऱ्या. बाजूला टेप, मांडीवर मोजपट्टी. मी माझं सगळं सांगितलं. पाठ केलेलं अर्धं विसरले, पण पूल सांगितला. रडले नाही. अध्यक्षबाई मन लावून ऐकत होत्या. "अशा परिस्थितीत सूट देता येईल असं मला वाटतं," म्हणाल्या. "फक्त तक्रारदाराचं ऐकून घेऊ."

मी दाराकडे बघत बसले. येऊ दे दुर्बीण.

दारातून बाबा आले.

पांढरा शर्ट, माझी इस्त्री. मागे मावशी, गोंधळलेल्या. मला वाटलं पुन्हा घरातून सुटले, मी धावत उठले. तर टेप माझ्या आधी उभा. खुर्ची मागे ओढून म्हणाला, "या साहेब."

तक्रारदार — बाबा! सकाळचं फिरणं, ओळखीचे लोक, चहा — सगळं या कचेरीत चालायचं. रोज काउंटरशी उभे राहून तक्रार सांगायचे. मी जगभर शोधत होते, आणि काखेत कळसा!

बाबा बसले. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, शेजाऱ्याकडे बघून हसतात तसं. मग अध्यक्षबाईंकडे वळले. आवाज त्यांचा जुना, कामावरचा. मी शाळेत असताना डबा द्यायला इथे यायचे, तेव्हा ऐकलेला.

"अर्जदारबाई माझ्या माहितीच्या आहेत. मी सध्या त्यांच्याकडेच उतरलोय. त्यांची अडचण खरी आहे. घरात कोणी म्हातारं माणूस आहे, ते निघून जातं. बाईंची फार ओढाताण होते. मी बघतो ना."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पण पुढच्या बाजूला चार फूट, आणि आरपार. त्याला कारण आहे."

"काय कारण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी मुलगी संध्याकाळी त्या रस्त्याने येते. बसमधून उतरते, कोपऱ्यावरून वळते. मी फाटकाशी उभा असतो. लांबून हात करते ती. मग आम्ही आत जातो." बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती. "एकदा आली नाही, तेव्हा मी थांब्यापर्यंत जाऊन बघितलं. सगळ्या गाड्या बघितल्या. नाही भेटली. त्यानंतर फाटक बंद झालं. मग कुंपण झालं. आता पलीकडचं काही दिसत नाही. ती आलेली मी पाहिलेलीच नाही. कोणाला विचारलं तर म्हणतात जेवून घ्या."

अध्यक्षबाईंनी अगदी हळू विचारलं, "मुलगी काय करते तुमची?"

"लॅबमध्ये असते. रक्त काढते. हात फार हलका आहे तिचा. कळतसुद्धा नाही."

मी तिथेच होते. चार हातांवर. तोंडावर पदर धरावा तशी अर्जाची फाइल धरून.

साखळी मी लावली. मागच्या दाराने मी यायला लागले. एका दिवसाच्या उशिराने त्यांना थांब्यावर नेलं आणि मी त्यावर सहा फुटी फळ्या ठोकल्या. ते राउंडला जात नव्हते. एकदाही नाही. मला शोधत होते, आणि मी रोज बोळातून येऊन त्यांना ओढून आत नेत होते!

उठले आणि अर्ज मागे घेते म्हणाले. अध्यक्षबाई म्हणाल्या, नीट विचार करा, सूट मिळते आहे. मी म्हटलं, नको. पुढचं बोलता आलं नाही. आणि हो — पाणी दिलंच त्यांनी.

बाहेर टेपला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं!"

"होतं. नाव सांगायचं नाही हा नियम, तरी त्या दिवशी सांगायला गेलो. पण तुम्ही समोरच्या काकांनाच इतकं बोलत होतात, मध्ये शिरायला फट ठेवली नव्हती." मग म्हणाला, "साहेबांनीच शिकवलंय. तक्रार कोणाची ते बघायचं नाही, खरी आहे का ते बघायचं. खरी होती."

मावशी घरी येईपर्यंत रडत होत्या. त्यांना वाटत होतं साहेब जुन्या लोकांशी गप्पा मारतात. मी म्हटलं, मारतच होते. चूक तुमची नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज तुम्हाला कचेरीत बघितलं. तुमचं काम झालं का?"

"झालं," म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

सकाळी समोर गेले. काका पायरीवरच होते. माफी मागायची माझी रीत वाईट आहे, आधीच चिडल्यासारखा आवाज लागतो. तरी मागितली. त्यांनी खुर्ची सरकवली. "त्या दिवशी सांगत होतो, तर तू गेलीस. अगं, तुझे वडील उभे असायचे आणि मी इथे. एकमेकांना हात करायचो. त्यांना सोबत, मला सोबत. कुंपण झालं आणि माझी संध्याकाळच गेली."

मी म्हटलं, आता पुन्हा लक्ष ठेवाल का? "ठेवू म्हणजे काय," म्हणाले, "मला दुसरं काम काय आहे?" दुर्बीण हे नाव आजपासून मानाचं.

सुताराला फोन केला. आधी पुष्कळ हसला. मग येतो म्हणाला.

१४ मार्च, शनिवार

दिवसभर करवत. बाबा सुताराच्या मागे मागे. "इथे धर. रेघेवर काप." कापलेली फळी हातात घेऊन डोळ्यासमोर धरायचे, सरळ आहे का बघायला. सुतारही वस्ताद, प्रत्येक फळी त्यांना दाखवून मगच ठोकत होता. एक फळी, एक फट, एक फळी, एक फट. वरची कडी काढली, खाली साधी बसवली. साखळी भंगारात.

पंचाईत तीच आहे, हे मलाही कळतं. कडी उघडून बाबा उद्याही जाऊ शकतील. मावशींनी ऊन कलल्यावर फाटकाशी त्यांच्याबरोबर बसायचं ठरलंय, भाजी निवडत का होईना. समोर काका. मला उशीर होणार असेल तर मी फोन करून बाबांशीच बोलायचं. याने निभेल का? ठाऊक नाही. भीती वाटते. पण त्या फळ्यांमागे त्यांना बसलेलं पुन्हा बघवणार नाही मला.

टेप येऊन मोजून गेला. चार फूट. बाबांनी विचारलं, "किती भरलं?" त्याने सांगितलं. बाबांनी स्वतः पुन्हा मोजलं, मगच मान हलवली.

१६ मार्च, सोमवार

आज पुढून आले. बसमधून उतरले, कोपऱ्यावर वळले आणि लांबूनच हात केला. बाबा फाटकाशी उभे होते. कडी त्यांनीच काढली, फाटक आतल्या बाजूला उघडलं.

"आलीस का गं? केवढा उशीर!" माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावली. मग घराकडे बघून, कानाशी येऊन म्हणाले, "चल आत. इथल्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत. कुंपणातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नाही."